डोळ्यांची उघडझाप

सोमवार, ४

फोन म्हणतो, "डोळ्यांची उघडझाप करा." कोणाला म्हणतो? धाकटीला! लहानपणीच्या आजारात माझ्या बहिणीचे दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून काचेचे आहेत. बँकेच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं तिनं स्वतः भरलं. तिचा फोन स्क्रीनवरचं बोलून दाखवतो, त्या आवाजामागे ती बोटं चालवते. आणि शेवटच्या पायरीला हे. तिनं पापण्या हलवल्या. "पुन्हा प्रयत्न करा." परत हलवल्या. "पुन्हा प्रयत्न करा." संध्याकाळभर ती फोनसमोर चेहरा धरून बसली. मी शिवायला आणलेल्या बॅगांना चेन लावत होते, रागारागात सुई मोडली.

खातं लागणारच. परगावी हॉस्पिटलात टेलिफोनवर नोकरी लागलीय, पगार ह्याच बँकेत. खात्याशिवाय रुजू करून घेत नाहीत. एक तारखेला हजर व्हायचंय. राहणार हॉस्टेलात, एकटी. बोलून कोण ऐकतंय.

मंगळवार, ५

बँकेत गेले. काउंटरवरचा चष्मेवाला म्हणतो, नवीन खातं वेबसाइटवरूनच. म्हटलं, तुमच्या वेबसाइटला डोळे हवेत आणि तिला नाहीत. त्यानं इकडेतिकडे बघितलं. "मावशी, तुम्हीच करा ना उघडझाप. मशीनला काय कळतंय?"

मावशी म्हणे. स्वतःचं टक्कल बघ आधी.

धाकटी आंघोळीला गेली तेवढ्यात उरकलं. फोन धरला, डोळे मिटले, उघडले. हिरवी खूण आली. एवढ्यासाठी कालची संध्याकाळ गेली.

बुधवार, ६

जेवताना सांगितलं. वाटलं, खूश होईल. तिचा हात थांबला.

"ताई, म्हणजे खात्याला तुझा चेहरा लावलास."

"मग काय बिघडलं?"

"प्रत्येक वेळी ते चेहरा मागणार. मी तिकडे, चेहरा इकडे."

"मग मी येऊन राहते तुझ्याजवळ."

ताट सरकवून उठली.

गुरुवार, ७

बोलत नाही. भांडी मात्र आपटते.

सोमवार, ११

दोघी बँकेत गेलो. मोठ्या मॅडमपुढे बसवलं. मॅडम म्हणाल्या, "चेहरा बदलायचा तर खातेदारानं स्वतः यायला हवं."

म्हटलं, "ही काय बसलीय."

त्यांनी स्क्रीन बघितला, धाकटीकडे बघितलं. "यांचा चेहरा जुळत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुमचा जुळतो."

धाकटीला हसू फुटलं. चार दिवसांनी हसली, तेही बँकेत. मला हसू आलं नाही. मी आवाज चढवला, शिपाई आत डोकावला, मॅडमनी तक्रार नोंदवून घेतली.

गुरुवार, १४

मेसेज आला. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

समोर ये, देते.

मंगळवार, १९

रोज बँकेत जाऊन उभी राहिले, शेवटी कंटाळून त्यांनी वेबसाइट सांभाळणाऱ्याचा फोन जोडून दिला. आवाज मऊ, अगदी समजूतदार. म्हणाला, "अहो, अंध ग्राहकांसाठी सोय केलीय ना आम्ही. उघडझाप जमत नसेल तर आमच्या माणसाशी बोलता येतं. खाली कोपऱ्यात चित्र आहे, डोळा आणि त्यावर आडवी रेघ. ते दाबायचं."

ते चित्र मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. मला वाटलं चष्म्याच्या दुकानाची जाहिरात.

धाकटीनं फोन माझ्या हातातून घेतला. "माझा फोन तिथं नुसतं 'बटण' म्हणतो. त्या पानावर सगळ्यालाच तो 'बटण' म्हणतो. मी एक दाबून बघितलं तर भरलेलं सगळं पुसून गेलं, परत भरावं लागलं."

पलीकडून टकटक ऐकू आली. मग म्हणाला, "चित्राला नाव द्यायचं राहिलं वाटतं."

मी मध्ये तोंड घातलं. "आंधळ्यांसाठी दार केलंत आणि पाटी म्हणून चित्र काढलंत?"

"बरोबर आहे तुमचं. पुढच्या सुधारणेत घेतो."

"पुढची कधी?"

"महिनाअखेर."

"तिला एक तारखेला हजर व्हायचंय. दोन शब्द लिहायला तुम्हाला महिनाअखेर कशाला लागते?"

धाकटी मला चिमटा काढून म्हणाली, "ताई, हळू. त्यानंच करायचंय ते." मग त्याच्याशी इतकं गोड बोलली की माझं डोकं फिरलं. पण त्यानं माझा चेहरा असलेलं खातं रद्द करून टाकलं, आणि बाकीचं दोन दिवसांत बघतो म्हणाला.

शुक्रवार, २२

केलं त्यानं! फोन बोलला, "उघडझाप शक्य नाही, माणसाशी बोला." धाकटीनं ते परत परत ऐकलं, मग मला म्हणाली, तू बाहेर जा.

बाहेर म्हणजे दाराबाहेर. चेनचा गठ्ठा घेऊन पायरीवर बसले. आतून सगळं ऐकू येत होतं. फोनवर बँकेची एक बाई प्रश्न विचारत होती, ही उत्तरं देत होती. आईचं नाव, नोकरी, सही की अंगठा. "सही," म्हणाली, जरा जोरातच.

मग बाईनं विचारलं, "मदतीला कोणी आहे का जवळ?"

"नाही. एकटीच आहे."

खातं झालं. मी चेन उलटी लावली, सगळी उसवावी लागली.

शनिवार, ३०

बसवून आले तिला. गाडी सुटताना खिडकीतून हात बाहेर काढून माझं डोकं चाचपलं आणि म्हणाली, "ताई, आता तू काय करणार?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. गाडी गेली आणि मी तिथंच उभी राहून डोळ्यांची उघडझाप करत राहिले.