अर्ध्याचा अर्धा

प्रिय भाऊराया,

फोनवर बोलायला लागलं की तुला मध्येच दुसरा फोन येतो, कुठलीतरी लिफ्ट अडकते आणि तिच्याबरोबर माझं बोलणंही. म्हणून लिहायला बसले. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि वर्ग नेमका तिसऱ्या मजल्यावर. आमच्या शाळेला लिफ्ट नाही, नाहीतर त्या निमित्ताने तरी तुझे पाय इकडे लागले असते.

सध्या अपूर्णांकांचा गुणाकार चालू आहे. मुलांचा त्यावर भारी राग. गुणाकार केला की संख्या वाढायला हवी, ही लहान कशी होते? एकजण तर म्हणाला, "बाई, ही चक्क फसवणूक आहे." अण्णांनी आपल्याकडून पावकी-निमकी घोकून घेतली, तेव्हा असं विचारायची आपली काय टाप होती! मी सगळ्यांना कागदाला घडी घालायला लावली. अर्धा भाग निळा रंगवा, आता त्या निळ्याच्या अर्ध्या भागावर रेघा मारा. 'गुणिले' असं वाचूच नका म्हटलं, 'चा' वाचा: अर्ध्याचा अर्धा. सगळ्या कागदाच्या मानाने किती झाला? पाव! मग कुठे चेहरे उजळले. आपापलं उदाहरण करा म्हटलं, तर कुणी केक कापला, कुणी भावाने लाटलेल्या चॉकलेटचा हिशेब मांडला.

मग तुझी खारू उभी राहिली. म्हणाली, "महिन्यातले निम्मे रविवार मी बाबांकडे असते. त्यातले निम्मे रविवार बाबा कामावर जातात. म्हणजे बाबा पाव." बाबा पाव! वर्ग खो खो हसला. कुणीतरी हवेतल्या हवेत लोणी लावून दाखवलं. तीही हसली. उत्तर बरोबर होतं रे. मी शाब्बास म्हटलं आणि पुढच्या मुलाला उभं केलं. त्याने काय उदाहरण दिलं, आता आठवत नाही.

तू हौसेने जात नाहीस, हे मला ठाऊक आहे. अंधारात माणसं कोंडलेली असतात, कुणाचा जीव घाबरा झालेला असतो, जायलाच हवं. तिलाही ते कळतं. तू गेलास की शेजारच्या काकूंकडे बसून ती जिन्यावरची पावलं ऐकते. हत्यारांच्या पिशवीमुळे तुझं एक पाऊल जड पडतं म्हणे. तक्रार म्हणून नाही सांगितलं तिने, सहज सांगितलं.

काल शाळा सुटल्यावर ती माझ्यापाशी रेंगाळली. तिच्या आईच्या बदलीचं तुला माहीत आहेच. आता दिवसही ठरला, येत्या रविवारी सकाळची गाडी. तो रविवार तुझ्या वाट्याचा होता. मी म्हटलं, बाबांना स्टेशनवर बोलावते. तर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आत्या, नको ना सांगूस. बाबा येतो म्हणतील, आणि मग मी गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बघत बसेन." नाही सांगणार, असं कबूल केलं मी तिला. आणि आज हे लिहितेय. येणार असलास तर कळवू नकोस, तिलाही नको, मलाही नको. नुसता ये.

तुझीच,
ताई