तिसऱ्यांदा वाचलेलं वाक्य

तीर्थरूप बाबा,

नमस्कारासोबतच एक दुरुस्ती. शब्दकोशाचं काम आम्ही दोघी करतो असं मी लिहिलं होतं, ते खरं नाही. दुसरी मार्चमध्येच सोडून गेली; तिची पानंही मीच करते. तुम्हाला घोर लागेल म्हणून लिहिलं नव्हतं.

सध्या सहनशक्ती संपल्याचे इंग्रजी वाक्प्रचार रशियनमध्ये आणतेय. इंग्रजीत शेवटच्या काडीनं उंटाची पाठ मोडते, रशियनमध्ये शेवटच्या थेंबानं पेला ओसंडतो. तुम्ही घरी धडा मोठ्यानं वाचायला लावायचात ना, तसंच इथे प्रत्येक वाक्य तपासनीस बाईंना वाचून दाखवावं लागतं. त्या मूळच्या रशियन. काल ‘आता बस्स झालं’ या अर्थाचं वाक्य ऐकून म्हणाल्या, “शब्द बरोबर आहेत गं, पण तू माफी मागतेयस. पुन्हा वाच!”

तिसऱ्यांदा वाचलं, तर शेजारचे टंकलेखक घाबरून धावत आले. बाई म्हणाल्या, “झकास! आता हेच साहेबांना ऐकव.”

आईचा गुडघा कसा आहे? हे सगळं तिला जेवण झाल्यावर सांगा. मी वेळेवर जेवते, बहुतेक वेळा.

साहेब फार तर रागावतील. जोडीला माणूस द्या, नाहीतर माझीच पानं करीन, असं त्यांना सांगायचं ठरवलंय: मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी दहाला.

तुमची,
थोरली