तळेऱ्याच्या पाटीवरची डावी बाई

॥ श्री ॥

मसुरे, ता. ३ फेब्रुवारी १९५८

ती. दादास,
मथुराचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तू पाठवलेलं मासिक पोचलं. शेवटच्या पानावर मी काढलेलं चित्र आहे, आयेला दाखव, असं तू लिहिलं होतंस. दाखवलं. फक्त त्या चित्रातली बाई मी आहे, एवढं लिहायला तू विसरलास. कामाच्या गडबडीत बारीकसारीक गोष्टी राहून जातात, मी समजू शकते.

डाव्या चौकोनात एक काळी बाई मान खाली घालून बसली आहे. खिडकी बंद. मागे नवरा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलाय. खाली लिहिलंय, 'गौरकांती स्नो वापरण्यापूर्वी'. उजव्या चौकोनात बाई दुधात बुडवून काढलेली, खिडकी सताड उघडी, कुंडीत गुलाब, आणि नवऱ्याने वर्तमानपत्र टाकून दिलंय. स्नो तोंडाला लावला की खिडकी कशी उघडते, हे माझ्या तिसरीच्या वर्गात विचारलं तर पोरंसुद्धा हसतील. मला हसू आलं नाही. डाव्या बाईच्या उजव्या भुवईवर व्रण आहे. विटीचा. ती विटी कोणी मारली होती ते तुला आठवत असेलच.

आयेला वाचता येत नाही हे बरं म्हणावं तर तसंही नाही. तिने चष्मा लावून दोन्ही चौकोन बघितले आणि कपाळावर हात मारला. तिचं म्हणणं, ह्यात कळायला अक्षर कशाला हवं. 'घोव तोच, बायल दुसरी.' डावीकडे त्याची लग्नाची बायको, म्हणजे मी. उजवीकडे त्याने ठेवलेली गोरी. घरच्या बायकोकडे पाठ आणि हिच्याकडे दात काढून हसतो मेला. पोटच्या झिलाने सख्ख्या बहिणीला टाकलेली बायको म्हणून छापावं, ह्याचं तिला फार लागलंय. मी तिला समजावलं की दोन्ही बायका एकच आहेत. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच अडाणी ठरले.

मग तिने कात्री घेतली. उजवी बाई कापून न्हाणीच्या चुलीत घातली. डावी तेवढी काचेत बसवून देवघराशेजारी टांगली आहे आणि हळदकुंकू लावते. खालची अक्षरं तशीच आहेत. मी रोज सकाळी देवाला नमस्कार करते तेव्हा शेजारी मी 'वापरण्यापूर्वी' टांगलेली असते.

एवढ्यावर भागलं असतं. पण काल शेजारची हौसाबाई मुंबईच्या पाहुण्यांना आंगणेवाडीच्या जत्रेसाठी आणायला तळेऱ्याला गेली होती. आल्या आल्या तिने मला विचारलं की काय गो, तळेऱ्याक तुका कोणी टांगल्यान? एसटी थांबते तिथल्या चहाच्या हॉटेलावर म्हणे तुझ्या चित्राची पत्र्याची पाटी लागली आहे, दाराएवढी. देवगडला, विजयदुर्गाला जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. वा दादा. बहिणीचं नाव काढलंस.

ह्यात माझं काय अडलंय ते तुला ठाऊक आहे. विजयदुर्गाच्या राणे मंडळींकडे माझ्या लग्नाचं बोलणं चालू आहे. ते येतील ते तळेऱ्यावरूनच येतील.

लोभ आहेच, तो तेवढा गोरा करून पाठवू नये.

तुझी बहीण,
मथुरा

*

मुंबई, ता. १२ फेब्रुवारी १९५८

चि. मथुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की खोलीतल्या मंडळींनी विचारलं, बहिणीचं लग्न ठरलं काय. आयेचं बरोबर आहे, पण तिला सांग, मी नोकर माणूस. स्नो मी शोधला नाही आणि काळेपणाला दुःखही मी चिकटवलेलं नाही. ते माझ्या आधीपासून चिकटलेलं आहे, मी फक्त त्याची रेघ काढतो.

तू खिडकीवर हसलीस, पण तीच तर कला आहे. बंद खिडकी म्हणजे काळजी, उघडी म्हणजे सुखाचा संसार. काळ्या बाईला नवरा विचारत नाही असं कोणी लिहिलं तर लोक भांडायला उठतील. तेच चित्रात काढलं तर मान डोलावतात आणि दुकानात जातात. आमचे साहेब म्हणतात, जे बोलायची लाज वाटते ते काढून दाखवावं. साहेबांना दुःखी चेहरा हवा होता, तोही संध्याकाळपर्यंत. माझ्या ट्रंकेत तुझा जुना फोटो होता. समोर ठेवला आणि काढला. साहेब खूश झाले. म्हणाले, काय दरिद्री तोंड मिळवलंस.

आता चांगली बातमी. राण्यांनी धोंडूमामांकडे तुझा फोटो मागितला होता. मामांनी मला कळवलं. मी गेल्या दिवाळीतला तुझा फोटो घेतला, दोन संध्याकाळी त्यावर बसलो आणि थेट विजयदुर्गाला रवाना केला. आनंदीबाईंना, म्हणजे मुलाच्या आईला, फोटो फार पसंत पडला असं मामा लिहितात. तेव्हा तळेऱ्याच्या पाटीचं भय धरू नकोस. माझ्या हातचा तो फोटो बघितलेला माणूस त्या पाटीवरून तुला ओळखणं शक्य नाही.

ते आले की उजेडाकडे तोंड करून बसू नये. मळकट पिवळं लुगडं नेसू नये. बाकी मी सांभाळलेलं आहे.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, आणि आयेला नमस्कार सांग.

तुझा दादा,
हरिश्चंद्र

*

॥ श्री ॥

मसुरे, ता. २० फेब्रुवारी १९५८

ती. दादास,
मथुराचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुझं नाव हरिश्चंद्र ठेवलं तेव्हा ते फार आशेवर असावेत.

तू मामांना धाडलेली त्या फोटोची दुसरी प्रत त्यांनी मला दाखवली. फारच सुरेख मुलगी आहे. कुठली रे? गाल भरलेले, रंग उजळ, आणि भुवईवरचा व्रण गायब. तो तूच केला होतास, तेव्हा पुसायचा हक्कही तुझाच असं तुला वाटलं असेल. आता माझा हिशेब असा लागतो, की विजयदुर्गाला एक मथुरा आहे, तळेऱ्याला दुसरी आणि मसुऱ्याला तिसरी. चहाचा ट्रे घेऊन बाहेर कोणी यावं ते तेवढं कळव.

तुझ्या पाटीचं मला आधी हसू आलं नव्हतं एवढंच, ह्या फोटोचा मात्र राग आला आहे. पाटी निदान अनोळखी लोकांना फसवते. फोटोने तू ज्यांच्या घरी मला आयुष्य काढायचंय त्यांना फसवलंस. आणि बोलून चालून तू तीच जाहिरात पुन्हा केलीस, फक्त ह्या वेळी डावा चौकोन दाखवला नाहीस.

आता स्पष्टच लिहिते, कारण तुझ्याशी आडपडदा ठेवून उपयोग नाही. हे स्थळ मला हवं आहे. गंगाराम राणे विजयदुर्गाच्या बंदर कचेरीत कारकून आहेत. त्यांनी मामांकडे सगळ्यात आधी विचारलं ते हे, की लग्नानंतर विजयदुर्गाच्या शाळेत बदली मागता येईल का. आजवर चार स्थळं आली. एकानेही शाळेचं नाव काढलं नाही. चौघांनी रंगाचं काढलं. म्हणूनच हे मोडलं तर मला फार लागेल. आणि तुझ्या फोटोवर जुळलं तर जन्मभर उजेडाकडे पाठ करून बसावं लागेल. दोन्ही मला नको.

ते शिमगा झाल्यावर, सोळा मार्चला येणार आहेत. त्याआधी तू स्वतः आनंदीबाईंना पत्र लिही की फोटोवर मी हात फिरवला आहे. आणि एक विचारायचं राहिलं. ट्रंकेतला तो जुना फोटो कुठला? दरिद्री तोंड करून मी कधी फोटोला बसल्याचं मला आठवत नाही.

खोटं सांगून माझं भलं करण्याइतका लोभ नसावा, ही विनंती.

तुझी,
मथुरा

*

(कार्ड)

मुंबई, १ मार्च १९५८

चि. मथुरास अ. उ. आ.

तुझं पत्र पावलं. शिमग्याच्या घाईत लहान मुलीसारखं बोलू नये. असं पत्र लिहिलं तर स्थळ गेलंच म्हणून समज. खरं बोलणाऱ्या हरिश्चंद्राला शेवटी स्मशानात नोकरी करावी लागली, ते बाबांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मी लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. फोटोचं नंतर सांगेन. कार्डावर जागा नाही.

दादा

*

॥ श्री ॥

मसुरे, ता. १८ मार्च १९५८

ती. दादास,
मथुराचा शि. सा. न. वि. वि.

कार्डावर जागा नव्हती हे मी बघितलं. अर्धं कार्ड कोरं होतं.

पाहुणे परवा येऊन गेले. गंगाराम, आनंदीबाई आणि धोंडूमामा. मी मळकट पिवळंच लुगडं नेसले होते आणि खिडकीसमोर बसले. चहा ठेवला. आनंदीबाईंनी पिशवीतून तुझी कलाकृती काढली, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मामांना अगदी गोड आवाजात विचारलं की मोठी बहीण आली, आता मुलीला बोलवा. मामांनी बशीतला चहा बशीतच ठेवला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आये उठली. देवघराशेजारची ती काच तिने काढली, पदराने पुसली आणि आनंदीबाईंच्या मांडीवर ठेवली. तिने सांगितलं, 'ह्यां माजां चेडू. तुमच्या हातातलां तां खंयचां, माका म्हायत नाय.' वर हेही सांगितलं की त्या दुसरीला आपण चुलीत घातलंय, ह्या घरात तिचा विषय नको.

आनंदीबाईंनी खालची अक्षरं वाचली आणि त्यांचा पारा चढला. त्यांनी फसवलं म्हणून सुनावलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. फोटो कोणी केला, पाटी कोणी काढली, तुला पत्र लिही म्हटलं तर तू काय उत्तर दिलंस, सगळं. तुझी बाजू घ्यायची राहून गेली, माफ कर.

गंगारामांनी आईच्या मांडीवरची काच उचलली. ती उजेडात धरून बघितली. मग त्यांनी आईला सांगितलं की ही बाई आपण तळेऱ्याला बघितली आहे. सकाळी गाडी थांबली तेव्हा चहा पिता पिता ते पाटीकडेच बघत होते, कारण त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नवरा पेपर वाचतो म्हणून कोणी बाई अशी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. असं तोंड ते बंदरावर आठवड्यातून दोनदा बघतात. आगबोट सुटली की पोचवायला आलेल्या बाया पडावाच्या होडीत बसून धक्क्याला परत येतात, त्यांचं. त्यांनी मला विचारलं की त्या दिवशी कोण गेलं होतं.

मला ते माहीतच नव्हतं. पण रडू आलं. पाहुण्यांसमोर, उजेडाकडे तोंड करून. तुझी सगळी शिकवण वाया गेली.

जाताना गंगारामांनी तुझा तो फोटो पाटावर ठेवला आणि आयेकडे काच मागितली. आयेने दिली नाही. हळदकुंकू लावलेली वस्तू घराबाहेर जात नाही. त्यांचा होकार आहे. आनंदीबाईंचा नाही अजून. त्यांची अट आहे, ज्याने फोटो केला त्याने स्वतः विजयदुर्गाला येऊन त्यांच्यासमोर बसावं आणि काय काय पुसलं ते तोंडाने सांगावं. तू येशील असं मी त्यांना सांगितलेलं नाही. खोटं बोलायची मला सवय नाही.

आता सांग, तो फोटो कुठला?

असेल नसेल तेवढा लोभ एकदा दाखव.

तुझी,
मथुरा

*

मुंबई, ता. २५ मार्च १९५८

चि. मथुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. सोडलेली नाही. सध्या एका केशतेलाचं काम चालू आहे. टकल्या माणसाच्या मागे मावळता सूर्य काढायला सांगितला आहे.

तो फोटो एकावन्न सालच्या नोव्हेंबरातला. मी पहिल्यांदा मुंबईला निघालो त्या दिवशीचा. बोट दुपारी होती. मालवणच्या बाजारात मी तुला फोटोवाल्याकडे घेऊन गेलो, आठवतं का? तू पंधरा वर्षांची होतीस. फोटोवाला वर बघ, वर बघ म्हणत होता आणि तू माझ्या ट्रंकेकडे बघत होतीस. तो वैतागला आणि तसाच फोटो काढला. मला तो इथे टपालाने आला. पहिल्या वर्षी, कोणाशी बोलावं ते कळत नव्हतं तेव्हा, मी ट्रंक उघडून तो बघायचो. माझ्यासाठी कोणीतरी असं तोंड केलं होतं, एवढा मला आधार होता.

साहेबांनी दुःखी चेहरा मागितला तेव्हा दुसरा कुठला मला सुचलाच नाही. सहा वर्षांत मी तेवढा एकच खरा बघितला होता. मी रंग गडद केला नाही, ओठ खाली ओढले नाहीत. मला काही करावं लागलं नाही. तुझी माया होती तशी उतरवली आणि खाली 'वापरण्यापूर्वी' लिहिलं. साहेब दरिद्री तोंड म्हणाले तेव्हा मी हसलो. ते तुला मी गमतीने लिहिलंदेखील. राण्यांना तळेऱ्याला चहा पिता पिता कळलं ते मला ट्रंक जवळ असून कळलं नाही. मला लाज वाटते, मथू.

पाटी उतरवणं माझ्या हातात नाही. आनंदीबाईंसमोर बसणं आहे. गुरुवारच्या बोटीने निघतो, आधी विजयदुर्गाला उतरतो. व्रणाची विटी माझी होती तेही सांगेन. त्या काय ऐकवतील ते ऐकून पुढच्या बोटीने मालवणला येतो.

आयेला सांग, तिने चित्र बरोबर वाचलं होतं. डावी बाई मागे टाकलेलीच होती, टाकून गेलेला तेवढा मी. माझी माया आहे तशी पाठवतो, हात न फिरवता.

तुझा दादा,
हरिश्चंद्र

ता. क. मालवणच्या धक्क्यावर ये. मी जाताना तुझं तोंड कसं होतं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत झालं. मी येताना कसं असतं ते मी एकदाही बघितलेलं नाही; दर वेळी उतरलो की आधी सामान मोजत बसतो.