सावली उजवीकडे

१२ सप्टें., शुक्र. वरोरा.
माफ कर. होळीनंतर ही वही उघडलीच नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, स्वतःचं अक्षर बघायचीही शिसारी आली होती.
नागपूरच्या प्रदर्शनात एक चित्र पाठवायचं ठरवलंय. स्थिरचित्र. कॉलेज सुटल्यापासून स्वतःसाठी एकही पुरं केलेलं नाही. वर्गात फळ्यावर काढते ती धरायची नाहीत. स्वयंपाकघरात टेबलावर मांडणी केली: पितळी तांब्या, दोन वांगी, खाली पंचा. उजव्या हाताला पश्चिमेची खिडकी. बघू.

१३ सप्टें., शनि.
नववीची, चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची सराव परीक्षा. स्थिरचित्र. मांडणी नेहमीची: पोचा पडलेला तांब्या, फिनाइलची हिरवी बाटली, प्लास्टिकचं सफरचंद, मागे संमेलनाचा मखमली पडदा. पडद्याला उंदराच्या मुताचा वास. स्टूलचा एक पाय आखूड, खाली छपरावरच्या कवेलूचा, कौलाचा तुकडा.
सगळे कागद एका साच्यातले. सफरचंदावर डावीकडे पांढरा ठिपका, सावली उजवीकडे. चित्रकलेच्या खोलीची खिडकी उजवीकडे आहे. सावली डावीकडे पडते, समोर पडलेली असते. कुणी मान वर केली नाही. करायची गरजच नाही. उजेड डावीकडून, हे मीच फळ्यावर पाठ करून घेतलंय. पाठ असलं की वेळेत होतं.
एकट्या अस्मितानं बघून काढलं. पोचा, सफरचंदाचा प्लास्टिकचा सांधा, स्टूलखालचं कवेलूसुद्धा. सावली डावीकडे, पार स्टूलच्या कडेवरून खाली गेलेली. पडद्याचा चिखल झालाय, अर्धा कागद कोरा.
मुख्याध्यापक आले. कागद उचलून म्हणाले, "मॅडम, हे काय? परीक्षकाले आपल्या शाळेचं छप्पर दाखवून राह्यली का ही?" पोरं हसली.
मीही हसले. का?

१५ सप्टें., सोम.
मधल्या सुट्टीत अस्मिताचे वडील दाराशी. बाजार समितीत हमाली करतात. आत या म्हटलं तर आले नाहीत.
"मॅडम, ग्रेड आली तं दहावीत मार्क वाढते म्हणते. पोरीले चंद्रपूरले पॉलिटेक्निकले टाकाचं हाये. तेवढं पाहा."
पाहते म्हटलं.
तासाला तिच्याजवळ बसले. नव्या कागदावर पेन्सिलनं पुन्हा कवेलू. तिचाच रबर घेऊन खोडलं.
"मॅडम, ते नाई दाखवलं तं स्टूल डुगडुगते ना."
म्हटलं, परीक्षेत नाही डुगडुगत. मग उजेड डावीकडून कसा घ्यायचा ते करून दाखवलं. पोरगी हुशार. एकदाच सांगावं लागलं.
हात धुतले तरी बोटांना रबराचा वास.

१७ सप्टें., बुध.
शाळेतून आले तर टेबलावर वांगी नाहीत.
सासूबाई: "भाजले. कवापासून पाहून राह्यली, सुकूनच चालले होते. तुह्या चित्रात तं हायेच ना."
चिडले. भरीत मात्र खाल्लं. मग बसून चित्र संपवून टाकलं. वांगी नसल्यानं कुठे अडलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.
अर्धा तास खूश होते. चहा करताना सहज लांबून पाहिलं. उजवीकडून ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मी बसतानाच खिडकी ओढून घेतली होती, आणि चित्रात उजेड डावीकडून. डावीकडे आमचा फ्रिज आहे. दोन्ही वांग्यांवर पांढरा ठिपका. सफरचंदावरचाच. पंच्याच्या घड्यासुद्धा मखमलीच्या.
चहा ओतायचा राहिला.
पोरांना पाठ करायला लावलं आणि आपल्याला दिसतं, असं मी धरून चालले होते. कशाच्या जोरावर?

२० सप्टें., शनि.
शिपायानं झाडताना कवेलू फेकून दिलंय. स्टूल डुगडुगतं. आज तांब्या कलंडून बाटलीला टेकला. एकाचाही हात थांबला नाही.
अस्मिता स्टाफरूममध्ये कागद घेऊन आली. पूर्ण. स्वच्छ. तांब्याला पोचा नाही, ठिपका डावीकडे, सावली उजवीकडे. "आता जमलं ना, मॅडम?"
मुख्याध्यापक: "पाहा, आली ना लाईनीवर."
मी लाल पेनानं "छान" लिहिलं. ती खुलली. इतकी खुललेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मला तिच्याकडे बघवेना.
पहिला कागद कुठाय विचारलं. दप्तरातून काढला. पाठीमागे तांबेच तांबे, सगळे गुळगुळीत. "मागून प्रॅक्टिस केली. पुढचं खराबच होतं ना." तो मागून घेतला. माझ्यापाशी आहे.

२१ सप्टें., रवि.
गुरुवारी परीक्षा.
बघून काढ असं सांगावं, तर वेळेत होणार नाही. ग्रेड जाईल, मार्क जातील. तिच्या बापाला मी पाहते म्हटलंय. न सांगावं, तर गुरुवारी ती वर न बघता काढेल, पुढेही तसंच. आणि सांगितलं तरी ते तिच्यासाठी असेल का? की माझं चित्र नासलं त्याचा राग मी तिच्या मार्कांवर काढणार? रात्रीपर्यंत हेच चाललंय, सुटत नाही.
माझं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. नवी वांगी आणली, एकाला किडीचं भोक. सासूबाईंना बजावलं, हात लावायचा नाही. म्हणाल्या, "किडकं कोन खाते?" खिडकी उघडली. संध्याकाळभर नुसती बघत बसले. भोकाच्या कडेला एक तपकिरी कड आहे, ती अजून जमत नाही. डोळे दुखले.
नागपूरला काही जाईल असं वाटत नाही.
अस्मिताच्या कागदातली सावली पुन्हा पाहिली. स्टूलच्या कडेशी ती मोडते, तिथे तिनं दोनदा पुसून पुन्हा काढलंय.

उद्या: परसातून कवेलूचा तुकडा शाळेत न्यायचा.