कार्डावर राहिलेला आवाज

१४ नोव्हें.
बाबा ड्युटीवरून आले तेच गरम. गावाहून फोन होता, काजूच्या बागेचं कुंपण परत कोणीतरी वाकवलंय. गेल्या सीझनला अर्धे काजू दुसऱ्यानेच नेले. मला बोलले, "तू मोबाईलच्या दुकानात बसतंस मां, मग कॅमेरो बघ. लाइट नाय, वायफाय नाय, झाडाक बांधूचो."
बाबा पवईच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर. दिवसभर सीसीटीव्हीसमोर. घरी येऊन पण तेच पाहिजे.
मला कोणी काही विचारलं, यानेच बरं वाटलं.

२० नोव्हें.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दुपारभर व्हिडिओ बघितले. जंगलात लावतात तो ट्रेल कॅमेरा. समोरून कोणी गेलं की आपोआप उठतो. लाल लाइटवाला नको, अंधारात चमकतो, चोर कॅमेराच उचलून नेईल. बाकी दोन टाइप. कार्डवाला, म्हणजे सगळं आत कार्डावर, जाऊन काढायचं. आणि सिमवाला, फोटो लगेच फोनवर.
शेट बोलला कार्डवाला घे, कटकट नाही. पण कार्ड काढणार कोण? दिनूकाका. बाबांचा सख्खा भाऊ, बागेला लागूनच राहतो. वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नाहीत, म्हणजे काकाला फोन मी करणार. मी फोनवर हॅलोच्या पुढे जात नाही.
सिमवाला.

९ डिसें.
बाबा जत्रेला गेले आणि कॅमेरा बांधला. मी इथे कांजूरला बसून व्हिडिओ कॉलवर सांगत होते, वर घ्या, खाली घ्या, पट्टा आवळा. नेटवर्क एकाच जागी, राखणदाराच्या दगडाजवळ आंबा आहे तिथे. दोन काड्या. राखणदार म्हणजे बाग सांभाळणारा. वर्षाला त्याला नारळ-कोंबडा द्यायचा, राखण म्हणतात. वाटणीनंतर बाबांनी दिलीच नाही. आईने विचारलं तर बोलले, उभ्या उभ्या हात जोडलंय.
आई बोलली, राखणदाराच्या डोक्यावर वॉचमन बसवलात. बाबा हसले नाहीत.
दगड फ्रेममध्ये येत नाही, पायवाट येते. सेटिंग मी केली. फोटो फोनवर, व्हिडिओ कार्डावर, नाहीतर नेटपॅक आणि बॅटरी दोन्हीची वाट. व्हिडिओ पण छोटा ठेवला.
माझी हुशारी.

५ जाने.
गाय. गाय. गवत हललं. माकड. गाय.
बाबा टॉवरमधून दर फोटोला फोन करतात, ह्यां काय गो? मी सांगते, गाय. मग सांगतात आज टॉवरमध्ये काय झालं, कोणाचं कुत्रं लिफ्टमध्ये अडकलं.
बाबा आणि मी एवढं कधी बोललोच नव्हतो.

२६ फेब्रु.
सकाळी फोटो. दिनूकाका. खांद्यावर गोण, हातात कोयता, मागे वळून बघतोय.
बाबांनी झूम केलं. परत झूम केलं. "गावलो," बोलले, हळू. मग फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, घरचोच चोर.
आई बोलली आधी विचारा तरी त्याला. बाबा बोलले मी रोज स्क्रीन बघतो, मला शिकवू नको.
गोणीत काय आहे ते फोटोत दिसत नाही. व्हिडिओ झाला असणार, आवाजासकट, कार्डावर. मला माहीत होतं. सेटिंग माझीच. तोंडापर्यंत आलं आणि
चहा गाळला मी.

२७ फेब्रु.
ग्रुपवर कोणाचा अंगठा, कोणाचे जोडलेले हात. पोलीस पाटलाने लिहिलं दोघांनी बसून मिटवा. काकाने दुपारी ग्रुप सोडला.
लहानपणी मे महिन्यात गेलो की सगळे विचारायचे, हिला जीभ नाही काय रे? काकाने कधी नाही विचारलं. ओले काजू सोलून गर माझ्या हातावर ठेवायचा, आपण कोयत्याशी खेळत बसायचा.
काल बोलायला पाहिजे होतं. शाळा पण अशीच सुटली. तोंडी परीक्षेला उभी राहिले, येत होतं सगळं.

३० मार्च
गाय. मग माकडं, अख्खी टोळी, बोंडं खातायत, बिया फेकतायत. फोटो बाबांच्या फोनवर पण गेलाय.
फोन नाही आला. हल्ली येतच नाही.

११ मे
काल गावाहून आलो. बॅटऱ्या बदलायला बाबांनी मला नेलं होतं. कार्ड मी काढलं, खिशात ठेवलं. दगडापाशी सुकलेली करवंटी होती. बाबांनी पायाने सारली नाही. वळसा घालून गेले.
काका कुंपणापलीकडे, घरापुढच्या खळ्यात. मी हात वर केला, अर्धा. काकू उठून आत गेली. काका सुपारी कातरत राहिला.

१२ मे
दुकानात कार्ड लावलं, हेडफोन घातले. २६ फेब्रु.ची क्लिप. काकाचा खांदा दिसतो, दगड नाही. गोणीत कोंबडा ओरडतो. नारळ फुटल्याचा आवाज. मग गाऱ्हाणं, देवाला घालतात ते. एकटाच आहे, म्हणून बाकीच्यांनी म्हणायचं होय म्हाराजा पण स्वतःच म्हणतो.
"बा देवा राखणदारा, भाव माझो मुंबयक आसा, तेका येवक गावणा नाय. तेच्या वाटची राखण मिया देतंय, ती गोड मानून घे म्हाराजा. होय म्हाराजा. तेचा चेडू तनू, तां कोणाशी बोलणा नाय, तेका"
इथे संपला. छोटा ठेवला होता ना मी. पुढच्या क्लिपमध्ये नुसती पायवाट आणि अगरबत्तीचा धूर.
माझ्यासाठी काय मागितलं काकाने?
खिशात होतं हे. काका समोर बसला होता आणि हे माझ्या खिशात होतं.

१५ मे
बाबांची सुट्टी. चहाच्या कपाशेजारी फोन ठेवला, क्लिप चालू केली आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. दारातून काकाचा आवाज. परत लागला. मग नुसता शेवटचा तुकडा, परत परत.
आत गेले. चहा तसाच.
"फुडे काय म्हणालो?"
"माहीत नाही. कॅमेरा बंद झाला."
"ह्यां कार्डावर आसतला, तुका तेवाच म्हायत होतां?"
"हो."
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
काकाचा नंबर बाबांकडे नव्हता, काढून टाकलेला. माझ्याकडून घेतला, लावला. समोर उभ्या मला ऐकू येत होती एवढी रिंग मोठी. पूर्ण गेली.
"जेवत आसतलो," बोलले.
चहाची वेळ होती.