जुई स्वतःहून गेली

प्रिय आये,

लहानपणी तू सांगायचीस आणि मी लिहायचो. पोस्टकार्ड रोह्याजवळच्या अष्टमी गावी, मावशीला जायचं. तुला लिहायला येत नव्हतं, आणि माझं अक्षर सुंदर असल्याचं तू गणपतीच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना सांगत फिरायचीस. तुला स्वतःला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तू कायम शेजारीच बसलेली असायचीस!

आज लिहितोय, कारण आजची बातमी पोटात राहत नाही. प्रणिताला सांगून झालं, शेठला सांगून झालं, समोरच्या चहावाल्यालाही सांगून झालं. तरी सारखं वाटतंय, जिला आधी सांगायला हवं तिला अजून सांगितलंच नाही.

तर ऐक. तुझी नात आज पाळणाघरात स्वतःहून गेली. रडली नाही. मी दारात उभा, आणि तिनं कुसुमताईकडे दोन्ही हात पसरले. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही!

तू गेलीस तेव्हा प्रणिताला सातवा महिना होता. जुई आता दहा महिन्यांची आहे. कपाळ तुझं आहे आणि हट्टही तुझाच आहे, असं मावशी म्हणते.

तुला आठवतं, एसटीत कंडक्टरची भरती निघाली तेव्हा प्रणिता कचरत होती? लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. तू पॉलिश पेपरनं मूर्ती घासून आलेली, हातापायांवर पांढरी धूळ, तशीच तिच्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "फॉर्म भर गो. पोरं होतील ती मी सांभाळीन." तिनं भरला. नोकरी लागली, खाकी ड्रेस आला, पेण-रोहा गाडीवर ती उभी राहिली, तेव्हा तू मुद्दाम स्टँडवर बघायला गेली होतीस.

एवढा शब्द दिलास आणि निघून गेलीस. दुपारी जेवलीस, आडवी झालीस, आणि संपलं. ना आजार, ना दवाखाना, ना एखादं वाक्य. मी तुझ्यावर रागावलोय आये, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रणिताची रजा संपत आली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. मला तू कारखान्याच्या पडवीत झोळीत टाकून काम करायचीस, म्हणून मीही एक दिवस जुईला घेऊन गेलो. पण कारखाना आता तसा राहिला नाही. दिवसभर कॉम्प्रेसर घरघरतो, स्प्रेनं रंग मारतात. तासाभरात पोर खोकायला लागली. शेठनं काही म्हणायच्या आत मीच तिला उचलून घरी आणलं.

मग कुसुमताईचं पाळणाघर बघितलं. ही खाडीकडची बाई. नवरा मिठागरावर कामाला होता. पेणला राहायला आल्यावर तिनं घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर काढलं. सात मुलं आहेत. फरशी लख्ख, आवाज मोठा, हात मऊ. तुझं आणि तिचं पहिल्याच दिवशी भांडण झालं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकत्र पान खाल्लं असतं.

पोचवायचं काम माझ्याकडे आलं. प्रणिताची पहिली गाडी साडेसहाची, माझं काम नऊला सुरू होतं. पहिले दोन दिवस मी जुईबरोबर तिथंच बसलो. ती खेळली, हसली, कुणाची तरी बाहुली चावून बघितली. मला वाटलं, झालं, जमलं!

तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. ती डब्यांशी खेळण्यात गुंग झालेली बघितली आणि हळूच मागच्या मागे सटकलो. तिला कळलंच नाही, म्हणून खुशीत शीळ घालत कारखान्यात गेलो. आता कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

बाराच्या सुमाराला कुसुमताईचा फोन आला. पोर पाणीसुद्धा घेत नव्हती. मी धावत गेलो. जुई दाराशी बसली होती. चेहरा लाल, आवाज बसलेला. मला वाटलं, बघताक्षणी झेपावेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. आये, दहा महिन्यांचं पोर, आणि बापाकडे पाठ!

कुसुमताईनं मला तिथंच, मुलांसमोर धारेवर धरलं. "तू पळून गेलास. तिला आता वाटतं, नजर वळली की मानूस नाहीसा होतो. रडंल म्हणून घाबरलास ना? रडू दे की. पण सांगून जा, नि सांगितल्या येळेला ये. तिला घड्याळ कळत नाय, पण बाप येतो ते कळंल."

पुढचे तीन दिवस जुईनं मला नजरेआड होऊ दिलं नाही. मी आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली. झोपेतही तिनं माझा शर्ट मुठीत धरलेला असायचा.

त्या शनिवारी प्रणिता ड्युटीवरून आली, ड्रेस न बदलता खाली बसली आणि म्हणाली, अर्ज लिहून ठेवलाय, नोकरी सोडते. आवाज चढवला नाही, रडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी म्हणालो, आणखी दोन आठवडे दे. ती म्हणाली, "पंधरा दिवसांत काय होणार आहे?" मी म्हटलं, दे तर खरी.

त्याच संध्याकाळी मावशीला फोन केला. दुसरं कुणाला विचारणार होतो? मूल घाबरलं तर काय करतात, एवढंच विचारायचं होतं. पण बोलता बोलता माझ्या तोंडून ती जुनी गोष्ट निघाली. मी चार वर्षांचा होतो, कारखान्यात गणपतीची गडबड होती, तू मला अष्टमीला मावशीकडे सोडलंस. दुपारी मी झोपेतून उठलो तर तू नव्हतीस. पुलापर्यंत मी एकटा धावत गेलो होतो, कुंडलिका नदी ओलांडून रोह्याच्या स्टँडवर तुला गाठायला. ते मी कधीच विसरलो नाही. तुला कधी बोललो नाही, पण मनात होतं, की आये मला चोरून टाकून गेली.

मावशी म्हणाली, "चोरून नाय रं गेली ती. मीच सांगत होते, झोपलाय तवर जा. ऐकलंन नाय. तुला हलवून उठवलंन, कधी येणार ते सांगितलंन. तू 'बरं' म्हणालास नि कूस बदललीस."

आये, मी फोन धरून हसत सुटलो. प्रणिता आतून बघायला आली, तर माझ्या डोळ्यांतून पाणी. एवढी वर्षं मी तुझ्यावर एक गुन्हा लावून ठेवला होता, आणि तू तो केलाच नव्हतास! एकदा तरी विचारायला काय हरकत होती मला?

आणि मग वाटलं, त्या शेवटच्या दुपारीही तू काहीतरी बोलली असशील. जेवण झाल्यावर, हात पुसता पुसता. मी कामाच्या घाईत 'बरं' म्हणून निघालो असेन.

सोमवारी नव्यानं सुरुवात केली. आता बघ मी काय करायचो. रोज त्याच वेळेला जायचं. जुईला माझ्या हातानं कुसुमताईच्या कडेवर द्यायचं. तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "बाबा कामावर जातो, चार वाजता येतो." मग हात हलवायचा आणि निघायचं. पुन्हा मागे जायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. चारला पाच कमी असताना दारात हजर. शेठला सांगितलं, सीझनचे सगळे रविवार येतो, पण चारला मला सोडा. त्यांनी मान डोलावली.

ती रडायची ना! कोपऱ्यापर्यंत ऐकू यायचं. मंगळवारी तर मी गल्लीच्या टोकाला उभा राहून पाय जमिनीत रोवून धरले होते. कारखान्यात गेल्यावर मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला बसलो. तुला माहीत आहे, डोळे काढताना माझा हात कधी हलत नाही. त्या दिवशी एका मूर्तीचा डावा डोळा असा तिरका गेला की सगळा पुसून पुन्हा काढावा लागला. शेठ मागेच उभे होते. त्यांनी चहा पाठवला.

बुधवारी जुई जेवली. कुणी भरवलं सांगू? तिथल्याच एका तीन वर्षांच्या मुलीनं. आपल्या ताटातला तांदळाच्या भाकरीचा तुकडा तिनं जुईच्या तोंडात घातला, आणि आमच्या बाईसाहेबांनी तो मुकाट्यानं चघळला. गुरुवारी ती झोपली. कुसुमताईनं फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "निजली हो." मी ब्रश खाली ठेवला आणि कारखान्यातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. लोक हसले. हसू देत.

दुसऱ्या आठवड्यात रडणं गल्लीच्या मध्यापर्यंतच ऐकू यायला लागलं. मग दारापर्यंत. काल नुसता ओठ काढला होता.

आणि आज तर हात पसरून गेलीच! मी माझं वाक्य म्हटलं, कामावर जातो, चार वाजता येतो. तिनं माझ्याकडे न बघता, कुसुमताईच्या खांद्यावरून, मूठ उघडली आणि मिटली. टाटा केला, आये! तिला कुणी शिकवला नव्हता. रोज माझा बघून बघून शिकली. मी तिथंच ठोंब्यासारखा उभा. शेवटी कुसुमताईच म्हणाली, "जा की आता. तुलाच सवय नाय झाली वाटतं."

चारला गेलो तर ती स्टीलचे चमचे एकेक करून फेकत होती. मला बघून हसली आणि पुढचा चमचा उचलला. माझी दहा मिनिटं वाट बघायची तयारी होती, तिची खेळ संपवायची नव्हती.

तिला घेऊन तसाच स्टँडवर गेलो. प्रणिताची गाडी रोह्याहून येऊन लागत होती. ती उतरली, मी गर्दीतच सगळं सांगितलं. मला नीट सांगताही येत नव्हतं, टाटा आधी, चमचे मध्येच. ती जुईकडे बघत राहिली. मग गळ्यातली बॅग सारखी करत म्हणाली, "उद्याची पहिली गाडी मीच घेऊन जाते." त्या अर्जाचं काय झालं ते मी विचारलं नाही. मागून ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कारण एक म्हातारी दारातच अडकली होती, आणि प्रणिता तिला हात द्यायला धावली.

आत्ता संध्याकाळ आहे. आत दोघी खेळतायत. टाटाचा खेळ चाललाय. प्रणिता दाराआड जाते, सांगून जाते, परत येते. जुई खिदळते. शेजारच्यांना वाटेल आमच्याकडे काही समारंभ आहे!

तुझा शब्द राहिला असं मनात आणू नकोस. तो कुसुमताईनं, मावशीनं, त्या भाकरीवाल्या पोरीनं आणि मी मिळून निभावलाय. तू केलं असतंस तर जास्त चांगलं झालं असतं, हे मात्र खरं.

एक वचन देतो. जुईला न सांगता मी घरातून पाऊल टाकणार नाही. आणि एक दिवस तीच मला सांगून निघेल, शाळेला, कॉलेजला, रोह्याला, आणखी कुठं कुठं लांब. तेव्हा तिला अडवणार नाही, हात धरून ठेवणार नाही. कधी येणार तेवढं विचारीन, आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत दारात उभा राहीन.

तुझा,
सच्या