दोरापलीकडची ताटली

४ जानेवारी १९८१, रविवार

आज नव्या जागी पोचलो. भुईगावला एस.टी.तून उतरल्यावर आमच्या वाडीपर्यंत चालत जावं लागतं. ट्रंक आणि वळकटी घेऊन उभा होतो, तेवढ्यात एक बागायतदार सायकलवरून आले आणि न विचारताच ट्रंक कॅरियरला बांधू लागले. नाव जेम्स. वाटभर तेच बोलत होते. महिनाअखेरीला त्यांच्या मुलीचं, लिडियाचं, लग्न आहे. मास्तर बरोबर वेळेला आले, मांडवात नाचायला माणसं कमीच पडत होती, म्हणाले. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असेल. प्रेमलता जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

खोली चांगली आहे. गल्लीच्या अगदी तोंडाशी. पूर्वी इथे शेतीची अवजारं ठेवत. खोलीच्या पुढे दोन्ही बाजूंना केळी आणि गल्लीच्या टोकाला घरमालकांचं घर, बस. मधे दुसरं घर नाही. घरमालक सॅन्टन आणि त्यांच्या पत्नी आल्बिना, दोघेच असतात. मुलगा आखातात आहे. सॅन्टन अंगाने चांगले आडवे आहेत, गुडघ्यांमुळे फारसे चालत नाहीत.

संध्याकाळी आल्बिनामावशी ताटली घेऊन आल्या. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि दोन सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी. मी मासे खातो हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. समोर उभं राहून मला खायला लावलं. बायको कुठे असते, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदराने डोळे वगैरे पुसले नाहीत. घरी जाऊन आणखी एक भाकरी घेऊन आल्या.

६ जानेवारी

ताटली परत करायला गेलो. पांढरी इनॅमलची, निळ्या काठाची, एका जागी टवका उडालेली आहे. मी स्वच्छ घासून नेली होती. मावशींनी ती बघितली आणि आत सॅन्टनना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. आतून त्यांचं हसणं ऐकू आलं. मग मला म्हणाल्या, मास्तर, एवढे शिकलात, पण संसार नाही शिकलात. रिकामी ताटली कोणी परत देतं का?

ही रीत आमच्याकडेही आहे. निदान साखरेची चिमूट तरी ठेवतात. पण ते सगळं प्रेमलता बघायची. मी शरमलो. तेव्हा त्यांनीच अंगणातल्या झाडाचं एक लिंबू पानासकट तोडून माझ्या हातात दिलं, ते ताटलीत ठेवायला लावलं, आणि मग ताटली घेतली. आता झालं, म्हणाल्या.

दिवेलागणीला त्या आपल्या दारातून मोठ्याने विचारतात, मास्तर, जेवलात का? मी खोलीतून ओरडून सांगतो, जेवलो. खोटं असलं तर त्यांना कसं कळतं कोण जाणे. थोड्या वेळाने ताटली येते.

१४ जानेवारी

जेम्सच्या अंगणात बँडवाल्यांचा सराव चालतो. बायका गाणी म्हणतात. लोक चांगले आहेत, मला बोलावतात. मी खिडकी लावून बसतो.

शाळेतली तीन मुलं तापाने आजारी आहेत. दोन म्हातारी माणसं गेली. वसईहून डॉक्टर आले होते. रक्त घेऊन गेले, तापाचं नाव सांगितलं नाही.

२० जानेवारी

गाव बंद झालं. शाळा बंद, देवळातली रविवारची मिसा बंद, आगाशीच्या बाजाराला जाणं बंद. एस.टी. थांबत नाही. लग्नं आणि तेर्साच्या प्रार्थनेला एकत्र बसणं दोन्ही बंद. गावाने कमिटी केली आहे. व्हॅलेरियन म्हणून मुंबईच्या ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, ते प्रमुख. शाळा नाही म्हणून मलाही कामाला घेतलं. ज्या घरात ताप आहे त्या घराच्या फाटकाला काथ्याचा दोर बांधायचा आणि बाहेरून जेवण पोचवायचं.

लोक चिडले आहेत. केळीचे घड घरातच पिकून गळत आहेत. भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायकांना परत पाठवलं तेव्हा त्यांनी व्हॅलेरियनच्या दारातच वांगी ओतली आणि सांगितलं, आता तूच खा. कमिटीतल्या एकाचा मुलगा मात्र रोज सायकलने विरारला जातो, असं सगळे म्हणतात.

एक गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहितो. मला बरं वाटतं आहे. बँड थांबला. कोणी कोणाकडे जात नाही. संध्याकाळ झाली की प्रत्येक घर माझ्या खोलीसारखं गप्प असतं. गेले कित्येक महिने मी एकटाच असा होतो.

२४ जानेवारी

सॅन्टनना ताप आला. त्यांच्या फाटकाला मीच दोर बांधला. मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, घट्ट बांधा मास्तर, नाहीतर आमची कोंबडी पळेल.

गावातून पाळीपाळीने जेवण येतं. मी ते त्यांच्याच निळ्या काठाच्या ताटलीत वाढून फाटकाशी ठेवतो. संध्याकाळी ताटली धुतलेली मिळते आणि तिच्यात लिंबू असतं. बंद घरातली वस्तू बाहेर आणायची नाही असा नियम आहे. मी लिंबू गल्लीतल्या चरात टाकतो. हाक मात्र रोज येते, आणि मी जेवलो म्हणून सांगतो.

२८ जानेवारी

शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. जेम्स म्हणाले, ज्या घरात ताप आहे त्याला दोर आहे ना, मग बाकीच्यांना कशाला कोंडता? मांडवाच्या झावळ्या वाळून कोळ झाल्या, मुलाकडचे आता दुसरीकडे बघायला लागतील. मागून एक बाई ओरडली, पोरांना पिकलेली केळी किती दिवस चारू? व्हॅलेरियन म्हणाले, ताप दोर बघून थांबत नाही; सैल करायचं सोडा, आणखी आवळायला पाहिजे. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कोणी कोणाचं ऐकेना.

जेम्स माझ्याकडे वळले. म्हणाले, मास्तरांना विचारू नका, त्यांना गाव बंद काय नि उघडं काय, घरी वाट बघणारं कोण आहे? काही लोक हसले.

मग मी उभा राहिलो. म्हणालो, काहीही सैल करू नये. सॅन्टनच्या फाटकापर्यंत मी रोज जातो, तेही चूक आहे. दोर गल्लीच्या तोंडाशी आणावा. जेवण तिथल्या दगडावर ठेवावं, ते घरातल्यांनी येऊन न्यावं. पलीकडे कोणी पाऊल टाकायचं नाही. हाक आली तर ओ द्यायची नाही, कारण ओ दिली की पाय मागोमाग जातात.

मी कधी बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. हात वर झाले. लग्नाची बंदी ईस्टरपर्यंत वाढली. जेम्सनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गावाच्या भल्यासाठी बोललो, असं घरी येईपर्यंत मनात घोकत होतो. ते खरं नाही. मला तो मांडव वाळलेला बघायचा होता.

३० जानेवारी

दोर आता माझ्या खोलीला लागूनच आहे. मी अलीकडे, ती दोघं पलीकडे.

आज दुपारी हाक आली. मास्तर, जरा हात लावायला या. हे खाली पडलेत, मला एकटीला उचलत नाहीत.

मी दाराच्या आत उभा होतो. ओ दिली नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग नुसतं मास्तर, मास्तर. व्हॅलेरियनना जाऊन सांगता आलं असतं. तोंडाला फडकं बांधून जाता आलं असतं. मी स्टोव्ह पेटवला. त्याचा आवाज मोठा होतो.

दिवेलागणीला जेवलात का असं कोणी विचारलं नाही.

१ फेब्रुवारी

ताटली दगडावर धुतलेली आहे. तिच्यात लिंबू, पानासकट. म्हणजे ठीक असणार. सॅन्टन उठले असतील. व्हॅलेरियनना सांगितलं, दोघं जेवतात. ते म्हणाले, बघा, तुमचं बरोबर ठरलं. मला तिथे थांबवेना.

३ फेब्रुवारी

ताटली येते. माणूस येताना दिसत नाही.

आज दुपारभर खिडकीत बसलो. दगडावर भात ठेवलेला होता. पाणी प्यायला माठाकडे वळलो, तेवढाच वेळ. परत बघतो तर ताटली धुतलेली, दगड ओला, लिंबू.

गल्लीतल्या धुळीत पलीकडून आलेलं एकही पाऊल नाही. फक्त माझ्या चपलांचे ठसे, दगडापर्यंत.

६ फेब्रुवारी

डॉक्टर माणसं घेऊन आले. दोर सोडून आत गेले. मावशींचे लांबचे भाऊ लागतात म्हणून जेम्सही गेले.

दोघं स्वयंपाकघराच्या दारात. सॅन्टन जमिनीवर. मावशी त्यांच्या पाठीमागे बसलेल्या, दोन्ही हात त्यांच्या काखेत घातलेले. उचलायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले, सभेनंतर दोन-तीन दिवसांतच गेले असतील. चुलीत राख नाही, घरात शिजलेलं काही नाही.

जेम्सनी बाहेर येऊन मला विचारलं, मग जेवत कोण होतं?

मी लिंबांचं सांगितलं. त्यांना चराशी नेलं. लिंबं तिथेच होती, ढीगभर. पहिल्या दिवशी टाकलेलीसुद्धा सुकलेली नव्हती. सगळी ताजी. सगळ्यांना पान.

जेम्स मागे सरकले. म्हणाले, त्यांच्या झाडाची लिंबं तोडायला तुला जाता येत होतं, त्यांना हात द्यायला नाही?

लिंबं मी तोडली नव्हती. दुसरं खरं होतं.

७ फेब्रुवारी

रोज ताटली हाताळली म्हणून मला बंद केलं आहे. दोर आता माझ्या खोलीच्या अलीकडून. व्हॅलेरियननी बांधला. मीही दोराच्या पलीकडचा झालो. कपाळ तापलं आहे.

जेवण दगडावर येतं म्हणतात. पाय उचलत नाहीत, आणायला जाता आलं नाही. रस्त्याने कोणी जाताना दिसलं म्हणून हाक मारली. ती व्यक्ती थांबली. मग मान खाली घालून निघून गेली.

ओ द्यायची नाही. मीच सांगितलं होतं.

९ फेब्रुवारी

दाराच्या पायरीवर ताटली. निळा काठ, टवका.

भाकरी, कालवण, दोन सुकेळी. भाकरी गरम.

मी खाल्लं. लिहायलाही लाज वाटते — सगळं खाल्लं. रडत खाल्लं.

१० फेब्रुवारी

दिवेलागणीला हाक. त्याच दारातून, त्याच आवाजात. मास्तर, जेवलात का?

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सांगितलं — जेवलो.

११ फेब्रुवारी

ताटली घासली. रिकामी कशी ठेवणार. साखरेचा डबा पालथा केला, मुंग्या निघाल्या. तांदूळ नाही. काडेपेटीत एकच काडी.

प्रेमलतेच्या बांगड्या ठेवल्या. पाणी प्यायलो, वळलो —

ताटली भरलेली. बांगड्या काढून बाजूला पायरीवर ठेवलेल्या. पुसून.

त्या नकोत त्यांना.

१२ फेब्रुवारी

आज दोनदा भाकरी. मी बरा व्हावा असं वाटतं त्यांना? कशासाठी —

ताप उतरतो आहे. पाय उचलतात. आता पाय उचलतात.

दुपार

हाक आली. जेवणाची नाही.

मास्तर, जरा हात लावायला या. हे खाली पडलेत, मला एकटीला उचलत नाहीत.

सात तारखेलाच पुरलं दोघांना. मी खिडकीतून बघितलं. तरी —

पुन्हा. तेच शब्द. आवाजात राग नाही. स्टोव्ह पेटवायला रॉकेल नाही. कान झाकले तरी —

नुसतं मास्तर. मास्तर.

ओ दिली.

पहिल्यांदा दिली. आवाज लगेच थांबला. वाट बघताहेत. गल्लीच्या टोकाला दार उघडं दिसतं आहे, आरोग्य खात्याने सील केलेलं ते.

ताटली बरोबर नेतो. धुतली आहे. घरात सगळं शोधलं, तिच्यात ठेवण्यासारखं काही नाही. रिकामी नको म्हणतील. त्यांनी मागितले तेवढे दोन हात आहेत, तेच —